मागे राहिलेला कॅन

माझ्या बायकोवर दोन वर्षं एक आळ होता. ती चोरून जुलाबाचं औषध घेते, असा. तो आळ माझ्यामुळे आला आणि मी गप्प राहिलो म्हणून टिकला. तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना खरं काय ते कळावं म्हणून हे लिहीत आहे. मी शिक्षक होतो, गावात अजून मला गुरुजीच म्हणतात. तेव्हा हे लिहिणं मलाच भाग आहे.

तिचं दुखणं पायांपासून सुरू झालं. उंबरा ओलांडताना ती हाताने मांडी उचलायची. विळीवर नारळाची एक कवड खवून होईपर्यंत तिची बोटं वाकडी व्हायची आणि मग दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करावं लागायचं. आम्हाला वाटलं, वय झालं. तोंडही कोरडं पडायचं. भाकरीचा प्रत्येक घास ती पाण्याबरोबर उतरवायची आणि पाण्याचा तांब्या सतत तिच्याजवळ असायचा. मी चेष्टा करायचो, "तू जेवतंस की पोहूक शिकतंस?" ती म्हणायची, "तुमचा काय जाता? पाणी आपल्या बावीचाच आसा."

शेवटी कणकवलीला डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं. पोटॅशियम अडीच निघालं, ते निदान साडेतीन तरी हवं. शिवाय रक्तात आम्लाचं प्रमाण वाढलेलं होतं. डॉक्टर समजावून सांगणारे होते. आमची मुलगीही त्या दिवशी बांद्याहून आली होती, तिच्यासमोर ते म्हणाले, "रक्तात पोटॅशियम कमी पडलं की शहाणं मूत्रपिंड हात आखडतं. लघवीतून जाऊ देत नाही. यांचं मूत्रपिंड तसं करतंय का, ते आपल्याला बघायचंय. चोवीस तासांच्या लघवीत पोटॅशियम थोडंच सापडलं, तर मूत्रपिंड चांगलं आहे आणि गळती पोटातून आहे. भरपूर सापडलं, तर मूत्रपिंडच उधळतंय. दोन्हीचे उपचार वेगळे."

इतकं सोपं होतं ते. चौथीच्या मुलाला कळलं असतं.

लॅबमधून पाच लिटरचा पांढरा कॅन मिळाला. त्यावर तिच्या नावाचा कागद चिकटवलेला. लॅबवाला आमच्या शेजारच्या गावचा, तिशीतला, नम्र माणूस. त्याने मला दोनदा सांगितलं, "गुरुजी, सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून घड्याळ सुरू. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत होईल ती सगळी कॅनमध्ये. एकही वेळ चुकवायची नाही. चुकली तर नुसतं सांगा, परत करू."

डॉक्टर बुधवारी यायचे, म्हणून मंगळवारी सकाळी सुरुवात करायचं मी ठरवलं. आणि त्याच मंगळवारी आमच्या गावाची गावपळण होती.

आमच्याकडे दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. घरांना कुलपं लागतात. ओढ्यापलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या बांधायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. ढोल वाजला की वेस बंद. मग पुन्हा कौल मिळेपर्यंत कोणी आत पाऊल टाकत नाही. गावातल्या कोणालाच त्यात कधी काही अडचण वाटली नाही. मलाही वाटली नाही. कॅन सोबत न्यायचा, एवढंच तर होतं. बायको म्हणाली होती, "पळणीनंतर करूया की." मी म्हटलं, "डाक्टर काय तुझ्यासाठी पळण बघून येतलो?"

मंगळवारी दुपारपर्यंत तिने सगळं नीट केलं. कॅन अर्ध्याजवळ आला होता. ती पाणी इतकं प्यायची की तो भरणारच होता. दारात टेम्पो उभा राहिला. भांडी, वळकट्या, गॅसची शेगडी चढली. शेवटी मी कॅन घेऊन बाहेर आलो. टेम्पोत शेजारची मंडळी आधीच बसली होती.

शेजारीण म्हणाली, "गुरुजी, कॅनात काय हा? माडी नेतास की काय?"

सगळे हसले. दुसरा एकजण म्हणाला, "गुरुजींची माडी म्हणजे मोजून मापून आसतली. बघा, वर कागद पण चिकटवलो हा!"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "गोमूत्र हा."

"मगे माका वायंच दिया," शेजारीण हात पुढे करून म्हणाली. "कुलूप लावच्या आधी घरात शिंपडतंय. माझा सपला." आणि ती खाली उतरायलाच लागली, हातात वाटी घेऊन.

मी घाईने म्हटलं, "ह्यां घरात शिंपडूचा नाय. आंब्यार फवारूक आणलंय, औषध घातलला आसा." आणि कॅन घेऊन घरामागे गेलो. न्हाणीच्या मागे, धुण्याच्या दगडाच्या सावलीत तो ठेवला. म्हटलं, टेम्पो पहिली फेरी करून येईल, तेव्हा कोणी नसताना नेईन. तेवढ्यात देवळाकडून ढोल वाजला. टेम्पोवाला ओरडायला लागला. मी येऊन बसलो.

संध्याकाळी राहुटीत बायकोने विचारलं, "कॅन खंय?"

"घराकडेच रवलो. गडबडीत इसारलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "रवलो, की ठेवलास?"

कोणाकडून तरी सरबताची एक रिकामी बाटली मिळवली, विसळली आणि तिला दिली. पण तिथे बायका एकत्र जायच्या, शेताच्या बांधाकडे. त्यांच्यासमोर ती बाटली कशी काढणार? एकदा पदराखाली लपवून नेली आणि तशीच परत आणली. फक्त झोपायच्या वेळची आणि पहाटेची, एवढीच त्या बाटलीत जमा झाली. बुधवारी सकाळी मी कणकवलीला निघताना ती म्हणाली, "डाक्टराक सांगा, आदली घराकडे रवली, मधली गावली नाय. परत करूया म्हणतले. लाजू नकात."

"सांगतलंय," मी म्हणालो.

कणकवलीला लॅबच्या काउंटरसमोर चार-पाच माणसं होती. लॅबवाल्याने बाटली हातात घेऊन पाहिली. "गुरुजी, पूर्ण चोवीस तास ना? एवढीच?"

मी चाळीस वर्षं मुलांना अपुरा गृहपाठ आणला म्हणून उभं केलं होतं. त्या माणसांसमोर मला सांगता आलं नाही, की कॅन घरामागे आहे आणि वेस बंद आहे आणि मी त्याला गोमूत्र म्हटलं होतं. मी म्हटलं, "पूर्ण. ती पाणी कमी पिते."

पाणी कमी पिते! हे माझ्या तोंडून इतकं सहज आलं.

"गुरुजी सांगतात म्हणजे बरोबर असणार," तो म्हणाला आणि फॉर्मवर 'चोवीस तास' लिहिलं.

तीन दिवसांनी कौल मिळाला, गाव परतलं. कॅन होता तिथेच होता. मी तो माडाच्या आळ्यात ओतला आणि धुऊन ठेवला.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम थोडं निघालं. निघणारच होतं. दिवसाच्या लघवीचा तिसरा हिस्सासुद्धा त्या बाटलीत नव्हता. डॉक्टरांनीही विचारलं, "पूर्ण जमा केली होती ना? प्रमाण कमी वाटतंय." मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते म्हणाले, "मूत्रपिंड चांगलं काम करतंय. म्हणजे पोटॅशियम पोटातून जातंय." आणि बायकोकडे वळले. "जुलाब होतात?"

"नाय."

"उलट्या? पोट साफ व्हायचं काही औषध?"

"काय्येक घेणंय नाय मी."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. तिने पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. नंतर सोबत आलेल्या मुलीला बाजूला घेऊन सौम्यपणे म्हणाले, "काही जणी सांगत नाहीत, लाजतात. घरच्यांनी जरा लक्ष ठेवा."

मुलीने त्याच दिवशी घर तपासलं. फडताळात सोनामुखीचं चूर्ण सापडलं. ते माझं. मला बद्धकोष्ठाचा त्रास आहे, वीस वर्षं मी ते रात्री गरम पाण्यातून घेतो. मी तिला तसं सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "आयेक पाठीशी घालू नकात."

त्या घरात मी एक खरी गोष्ट सांगितली, ती कोणाला पटली नाही. खोटी सांगितलेली सगळ्यांना पटली होती.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं आठवायला मला आवडत नाही. मुलगी दर रविवारी यायची. आईवर तिचा जीव होता, म्हणूनच ती पहारा ठेवायची. जेवण झालं की आईच्या मागे न्हाणीच्या दारापर्यंत जायची. माझ्या चूर्णाच्या डब्यावर पेनने खूण करून ठेवायची. ते किती उतरलं ते बघून आईला विचारायची. मी म्हणायचो, मी घेतलं. ती माझ्याकडे दयेने बघायची.

पोटॅशियमचं औषध खारट आणि कडवट होतं. बायको ते कोकमाच्या सरबतात घालून, डोळे मिटून प्यायची. दोडामार्गाहून केळी यायची, शहाळी उतरवली जायची. आकडा थोडा वर जायचा आणि पुन्हा खाली. तो खाली आला की मुलीचा चेहरा पडायचा. एकदा ती फार बोलली. "आये, तुका आमची काय फिकीर आसा की नाय? आमी पळापळ करतो आणि तू... बघ, तुझ्या डोळ्यात टिपूस पण नाय!"

बायको पाटावर बसून तांदूळ निवडत होती. ती खरोखरच रडली नाही. डोळे लाल झाले, तिने ते पदराने चोळले, इतकंच. मलासुद्धा तेव्हा वाटलं, ही किती कठीण आहे.

मी तिच्यासाठी जे करता येईल ते करत होतो. विहिरीवरून पाणी आणायचो. तिची बोटं वळली की तेल लावून सोडवायचो. तिला हात वर धरवेना तेव्हा तिचे केस विंचरायला शिकलो. पहिले काही दिवस भांग वाकडा पडायचा. ती आरशात बघून म्हणायची, "गुरुजी, फळ्यार रेघ बरी मारी होतास." आम्ही हसायचो. ते दिवस वाईट होते, तरी तिच्या डोक्यावर फणी फिरवताना मला कधी कधी फार शांत वाटायचं. आणि लगेच वाटायचं, हे मी कोणत्या तोंडाने करतो आहे.

एकदा केस विंचरताना मी म्हटलं, "मी पोरीक सांगतलंय. त्या कॅनाचा."

"सांगा," ती म्हणाली. एवढंच.

मी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती एक चूक ठरली असती, लोक हसले असते. महिन्यानंतर त्याला खोटेपणा म्हटलं असतं. वर्षानंतर त्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

मग एक सकाळ अशी आली की ती चुलीपुढच्या पाटावरून उठूच शकली नाही. पाय तिचे नव्हतेच जणू. हातही जेमतेम हलत होते. मुलगी आणि जावई गाडी घेऊन आले. आम्ही तिला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. सलाईनमधून पोटॅशियम सुरू करायच्या आधी तिने नर्सला थांबवलं आणि म्हणाली, "आधी लघवीचा नमुना घ्या. एकाच वेळची, थोडीशी पुरे. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, दोन्ही पाठवा."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "एका वेळची पुरते? चोवीस तासांची नको?"

ती घाईत होती, पण तिने सांगितलं. "काका, क्रिएटिनिन हे स्नायूंमधून येतं. माणसाच्या अंगात जेवढे स्नायू, त्या मानाने रोज जवळजवळ तेवढंच बाहेर पडतं. म्हणून ते आपलं माप. त्याच्या तुलनेत पोटॅशियम किती, ते पाहायचं. लघवी पातळ असो, दाट असो, थोडी असो, हिशेब लागतो."

तासाभरात उत्तर आलं. पोटॅशियम भरपूर जात होतं. रक्तात दोनच्या आसपास उरलं होतं आणि मूत्रपिंड तरीही ते सोडून देत होतं. हात आखडत नव्हतं. लघवीत जेवढं आम्ल जायला हवं, तेवढंही ते बाहेर टाकत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बायकोची जीभ पाहिली, दात पाहिले, मग विचारलं, "आजी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं?"

"रोज," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कडेला कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली. डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं. निरोगी माणसाची पट्टी अश्रूंनी भिजते. तिच्या पट्ट्या काढल्या तेव्हा त्या जवळपास कोरड्याच होत्या. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की शरीराची स्वतःची राखणच उलटली आहे, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर, आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांवरही. "यांना अश्रू येतच नाहीत फारसे. बरीच वर्षं येत नसणार."

मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने त्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि मग आईकडे. आणि ती तिथेच, सगळ्या वॉर्डात, ओक्साबोक्शी रडायला लागली.

बायकोने सलाईन नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रड गो बाये. माझ्या वाटचा पण तूच रड."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्याच दुपारी डॉक्टरीणबाई जुनी फाईल चाळत होत्या. त्यांनी तो चोवीस तासांचा रिपोर्ट बाहेर काढला आणि क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे यांच्या वजनाच्या बाईच्या मानाने फारच कमी आहे. तिसरा हिस्सापण नाही. काका, लघवी पूर्ण जमा केली होती ना?"

बायकोने डोळे मिटले होते. ती जागी होती हे मला ठाऊक आहे.

"केली होती," मी म्हणालो.

"मग लॅबमध्ये काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

रक्तातलं आम्ल कमी करायला सोड्याच्या गोळ्या आणि वेगळं पोटॅशियमचं औषध सुरू झालं. डोळ्यांत दिवसातून अनेकदा थेंब. दीड महिन्यात ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून माडाखाली गेली. मी मागे मागे होतो. ती वळून म्हणाली, "आता तुम्ही पण न्हाणीपर्यंत येतालास काय?"

ती बरी होत होती. घरात आनंद होता. मुलगी सतत आईच्या अवतीभवती असायची. आणि जाईल तिथे कणकवलीच्या त्या लॅबबद्दल बोलायची. फोन करूनही ती लॅबवाल्याला बोलली होती, हे मला नंतर कळलं.

ते कळलं ते असं. पेन्शनच्या कामासाठी मी कणकवलीला गेलो होतो. रस्ता ओलांडून कोणीतरी माझ्याकडे धावत आलं. तो लॅबवालाच होता.

"गुरुजी, बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"तुमच्या मुलीचा फोन आला होता. बरंच बोलल्या. बरोबरच आहे, आईचा प्रश्न होता. मी मशीन तपासून घेतलं, गुरुजी. माणूस बोलावून. जुन्या नोंदी काढल्या. मला चूक सापडत नाही. पण झाली असेल. मला त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्ट दोनदा लावावासा वाटतो. बाईंना सांगा, मी माफी मागितली म्हणून."

मी तिथे रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याला सगळं सांगितलं. पळण, टेम्पो, गोमूत्र, बाटली, सगळं. आवाज निघत नव्हता, त्याला वाकून ऐकावं लागत होतं. तो म्हणाला, "मी विचारलं होतं, गुरुजी."

"हो. तू विचारलं होतंस."

"मुलीला सांगा," तो म्हणाला. "माझं राहू दे. बाईंसाठी सांगा." आणि तो परत गेला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी मुलगी मागच्या पायरीवर बसून बांगडे साफ करत होती. मी शेजारी बसलो आणि सांगायला लागलो. ती आधी ऐकता ऐकता बांगडे कापत होती. मग सुरी थांबली.

"म्हणजे आये खरा सांगी होती."

"होय."

"आणि तुम्ही थंयच बसललास."

"होय."

"सोनामुखी?"

"ती माझीच. ता मी तेवा पण सांगललंय."

"तेवढा एक खरा!" ती म्हणाली. हसली नाही. हात तसेच, माशाचे, घेऊन ती उठून आत आईकडे गेली. मला बाहेर ऐकू येत होतं.

"आये, तुका म्हायत होता?"

"काय गो?"

"कॅन मागे रवललो तां."

"होय."

"दोन वर्सां मी तुझ्या मागसून फिरलंय. बोललंस नाय कित्या?"

बायकोचा आवाज आला, "बांगडे उघडे ठेवन इलंस? मांजर खातला बघ."

मुलगी बाहेर आली नाही. बांगडे मीच उचलले. जाताना ती आईला "येतंय गो" म्हणाली, मला नाही. तीन रविवार ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या रविवारी तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. अजून ती माझ्याशी जरा मोजूनच बोलते. ते मला मान्य आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. ती डोळ्यांत थेंब घालून पडून ऐकत होती. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, की माझा मान राहावा म्हणून तिने गप्प राहणं पत्करलं. तिथे तिने मला थांबवलं.

"तां खोडा."

"कित्या?"

"पयल्या दिवशी डाक्टरासमोर गप रवलंय, तां तुमच्या मानासाठी. खरा. पण मगे माका राग इलो. म्हटलंय, चाळीस वर्सां पोरांका खरा बोलूक शिकयलास. बघूया, तुमका कधी येता तां."

"दोन वर्सां रागान बसललंस?"

"मी बसललंय तर माका दिसला तरी, कोण किती खरा सांगता तां."

मी ते वाक्य खोडलं. मग ती म्हणाली, "आणि ह्यां नुसता वहीत लिवन काय होतला? डाक्टराच्या कागदार अजून तसाच आसा."

मागच्या बुधवारी आम्ही दोघं कणकवलीला गेलो. त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी गोव्याचे कागद पाहिले, मग माझं बोलणं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं ते दिसत होतं. त्यांनी मला काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाले, "मीही पुन्हा तपासायला हवं होतं." जुना केसपेपर शोधायला वेळ लागला. ती इंग्रजी ओळ सापडली. डॉक्टरांनी ती खोडली, खाली काहीतरी लिहिलं, सही केली.

बायको खुर्चीत पुढे सरकली. "काय लिवलास?"

डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "जुलाबाचं औषध घेतल्याचा संशय चुकीचा होता. लघवीचा नमुना अपुरा होता. रुग्णाने सुरुवातीपासून खरी माहिती दिली होती."

तिने मान हलवली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"आता ह्यांका वाचूंदेत."

इंग्रजी वाचून मी ते मराठीत सांगितलं. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, दार अर्धं उघडं होतं. ती म्हणाली, "मोठ्यान."

मी मोठ्याने वाचलं.